अर्धी गोळी, पाव गोळी
एचआयव्ही असलेल्या मुलाची गोळी चुकली की बोट त्याला सांभाळणाऱ्या आजीकडे जातं. इतिहास मात्र आधी औषधाकडे पाहायला लावतो. भारतात एचआयव्हीचे मोफत उपचार 2004 मध्ये सुरू झाले, मुलांसाठीचा खास कार्यक्रम 2006 मध्ये. तोवर बहुधा मोठ्यांच्याच गोळ्या मोडून द्यायच्या. तुकडा कधी लहान, कधी मोठा. लोपिनावीर-रिटोनावीर हे एचआयव्हीवरचं पातळ औषध तर जहाल कडू, फ्रिजमध्ये ठेवायचं, आणि त्यात सुमारे 42 टक्के अल्कोहोल! घरात फ्रिजच नसेल तर निष्काळजीपणा कुणाचा? 2020 मध्ये पाण्यात विरघळणाऱ्या, स्ट्रॉबेरीच्या चवीच्या डोल्युटेग्राविरच्या गोळीला अमेरिकेत मंजुरी मिळाली. आता तरी सबब उरली नाही, असं कुणी म्हणेल. पण वयात येताना गोळ्या पुष्कळदा सुटतात, कारण त्या कशासाठी हे अनेकदा सांगितलेलंच नसतं. आजी ‘ताकदीची गोळी’ म्हणते, आणि ताकद आलेल्या पोराला ती कशाला हवी?