गाथासप्तशतीतले घर

वाचकहो, किल्ल्यांचा आणि लढायांचा इतिहास आपण पुष्कळ ऐकतो. आज एका भिंतीची हकिगत ऐका. एका खेड्यातले घर आहे. घरधनी परगावी गेलेला, अमुक दिवसांनी परत येतो असे सांगून. त्याची बायको ते दिवस भिंतीवर लिहून ठेवते. एके दिवशी वादळ उठते, छपराचे गवत उडते आणि पाणी आत येऊ लागते. त्या वेळी ती काय करते? दोन्ही हात भिंतीवर धरून ते दिवस पुसू नयेत म्हणून जपते!

हे चित्र दोन ओळींच्या एका कवितेतले आहे. कविता आहे ‘गाथासप्तशती’ या संग्रहातली. भाषा महाराष्ट्री प्राकृत, म्हणजे आपल्या मराठीची पूर्वज. संग्राहक म्हणून नाव सांगतात ते हाल या सातवाहन राजाचे. त्या घराण्याची राजधानी गोदाकाठचे प्रतिष्ठान, आजचे पैठण. हालाचा काळ परंपरेने इसवी सनाचे पहिले शतक मानतात, पण पुढील काही शतके संग्रहात भर पडत गेली असे अभ्यासकांचे मत आहे. नाव सप्तशती असले तरी निरनिराळ्या पोथ्यांतल्या गाथा एकत्र केल्या तर त्या हजाराच्या घरात जातात आणि सर्व पोथ्यांत आढळणाऱ्या निघतात ४३०च्या आसपास. वेबर या जर्मन पंडिताने १८८१ साली हा ग्रंथ छापून काढला. मराठीत स. आ. जोगळेकरांची आवृत्ती १९५६ साली आली.

आता गंमत पाहा. संग्रह राजाच्या नावाचा, पण आत वावरतात नांगऱ्या, गावचा पाटील, त्याची लेक, सासू, दीर, वाटसरू आणि पाणपोईवरची पोर. कापसाची, तागाची, भाताची शेते आहेत. गोदावरी आहे, विंध्य आहे. प्रत्येक गाथा म्हणजे एक इवलीशी गोष्टच. कोण कोणाला बोलतो आहे, हे आपण ओळखायचे आणि मागचीपुढची कथा मनाशी जुळवायची.

या गोष्टी बहुतेक प्रेमाच्या आहेत. आणि हे प्रेम पुष्कळदा चुलीपाशी भेटते. स्वयंपाक करता करता बाईचा काजळीचा हात तोंडाला लागतो. नवरा पाहतो आणि हसतो. आता हिचे तोंड खरोखरीच डागासकट चंद्रासारखे झाले! एवढीच गोष्ट. पण त्या घरात सुख आहे, हे निराळे सांगावे लागत नाही.

सगळीकडे असे सुख नाही, बरं का! एका गरिबाच्या घरी बाई गरोदर आहे. तुला काय खावेसे वाटते, असे तिला विचारतात. ती म्हणते, पाणी. दुसरे काही मागितले तर नवऱ्याला ते आणता येणार नाही आणि त्याचा जीव तुटेल, हे तिला ठाऊक आहे. दुसऱ्या एका घरात वळचणीचे पाणी गळते आहे. आई आपले डोके पुढे करून लेकराला झाकते. पण ते तिच्याच आसवांनी भिजते आहे, हे तिच्या ध्यानात येत नाही. चोरटे प्रेम, सवतीमत्सर, फसवणूक हेही या संग्रहात भरपूर आहे. खेडे म्हणजे नुसता गोडवा, असे या कवींनी मानलेले नाही.

पुरुष घर सोडून जात का? सातवाहनांचा काळ व्यापाराच्या भरभराटीचा होता. नाणेघाटातून जुन्नरचा माल कोकणात उतरे, कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून बाहेर जाई. पावसाळा लागला की वाटा बंद होत. म्हणून गाथांतला पहिला मेघ हा निसर्गवर्णनापुरता येत नाही. मेघ दिसला आणि माणूस घरी पोचलेला नसला, तर पुढचे चार महिने कसे काढायचे, हा त्या बाईपुढचा रोकडा प्रश्न असतो.

आणि घर म्हणजे काय, याचे उत्तर एका शेतकऱ्याने दिले आहे, तेही न बोलता. शेतातले काम संपले आहे, तरी तो गावाकडे वळत नाही. त्याची लाडकी बायको वारली आहे आणि त्या रित्या घराचे दुःख त्याला टाळायचे आहे. भिंती आहेत, छप्पर आहे, चूलही असेल. पण ज्याच्यासाठी परतायचे ते माणूस नाही. मला वाटते, सगळ्या सप्तशतीचे सार या एका गाथेत आले आहे.

सातव्या शतकात बाणभट्टाने ‘हर्षचरिता’च्या आरंभी सातवाहनाच्या या कोशाचा गौरव केला. बाराव्या शतकात बंगालमधील गोवर्धनाचार्याने त्याच धर्तीवर संस्कृतात ‘आर्यासप्तशती’ रचली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय झाला. त्यासाठी मांडलेल्या पुराव्यांतही गाथासप्तशती होती. म्हणजे आपल्या भाषेच्या थोरवीची साक्ष द्यायला उभी राहिली ती ही गरीब घरची माणसे!

शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवावेसे वाटते. वर्गात हे शब्द फळ्यावर लिहा: पाउस, दिअर, सासू. मुले चटकन पाऊस, दीर आणि सासू ओळखतील. मग त्यांना विचारा, तुमच्या घरचे कोण कामासाठी दूर जाते? ऊसतोडीला जाणाऱ्यांची मुले वर्गात असतील, मुंबई-पुण्याला बाप असलेली असतील. दिवस मोजणे म्हणजे काय, ते त्यांना समजावून सांगावे लागणार नाही. आणि घरी आजी असेल, तिला जात्यावरच्या ओव्या येत असतील, तर त्या आजच उतरवून घ्या. हालाच्या वेळी कोणीतरी अशीच बोलणी मोलाची मानली, म्हणून ती भिंत अजून पुसली गेलेली नाही.