विस्मृतीचे कुंपण : ‘द गिव्हर’ आणि किशोरांची दुःस्वप्नकथा

विसाव्या शतकातील दुःस्वप्नलोकाची कादंबरी प्रौढांच्या भयातून जन्मली. आल्डस हक्सले यांची ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ (१९३२) आणि जॉर्ज ऑर्वेल यांची ‘नाइन्टीन एटी-फोर’ (१९४९) या कृतींच्या केंद्रस्थानी व्यक्तीला गिळणारी व्यवस्था आहे. किशोरसाहित्यात हे भय उशिरा उतरले. मॅडलीन लेंगल यांच्या ‘अ रिंकल इन टाइम’मध्ये (१९६२) एका ग्रहावरील मुले एकाच लयीत चेंडू आपटतात; जॉन ख्रिस्तोफर यांच्या ‘द व्हाइट माउंटन्स’मध्ये (१९६७) परक्या यंत्रांची माणसांच्या मनावर हुकमत चालते. मात्र या दोन्ही ठिकाणी शत्रू परका आहे. म्हणूनच तो ओळखता येतो. १९९३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या लॉइस लाउरी यांच्या ‘द गिव्हर’ने बालवाचकाची ही सोय काढून घेतली.

या कादंबरीतील नगरीत युद्ध नाही, भूक नाही, कोणी उद्धट बोलत नाही. त्याचबरोबर तेथे रंग नाहीत, टेकड्या नाहीत, बर्फ पडत नाही. पूर्वजांनी ‘एकसारखेपणा’ स्वीकारला आणि मानवजातीच्या साऱ्या आठवणी एका वृद्धाच्या स्वाधीन केल्या. जोनस या बारा वर्षांच्या मुलाची त्याचा वारस म्हणून निवड होते. उघड्या पाठीवर हात ठेवून वृद्ध त्याला आठवणी देतो : प्रथम बर्फावरून घसरत जाणाऱ्या गाडीचा आनंद, मग उन्हाचा दाह, मोडलेला पाय आणि शेवटी रणभूमी. वेदनेबरोबरच त्याला रंग दिसू लागतात, प्रेम या शब्दाचा अर्थ कळतो.

या कल्पनेची मुळे लेखिकेच्या जीवनात आहेत. १९३७ साली जन्मलेल्या लाउरी यांचे वडील अमेरिकी लष्करात दंतवैद्य होते. महायुद्धानंतर हे कुटुंब टोकियोत राहावयास गेले, तेव्हा लाउरी अकरा वर्षांच्या होत्या. अमेरिकी कुटुंबांची वसाहत कुंपणाने वेढलेली होती. घरे, शाळा, ग्रंथालय, सारे ओळखीचे आणि निर्धोक. ही मुलगी सायकलवर बसून फाटकाबाहेर पडे आणि शिबुयाच्या गजबजाटात हिंडे. पुढे म्हातारपणी वडिलांची स्मृती हरपत गेली आणि तरुणपणी वारलेल्या आपल्या मुलीचे काय झाले, हेही त्यांना आठवेनासे झाले. तो विसर त्यांना दुःखापासून वाचवीत होता. पण त्याच विसराने मुलगीही त्यांच्यापासून हिरावून नेली होती. दुःख विसरणे सुखाचे असेल, पण ते निर्धोक आहे काय, हा प्रश्न येथूनच उद्भवला. १९९४ साली न्यूबेरी पदक स्वीकारताना केलेल्या भाषणात लाउरी यांनी या आठवणी सांगितल्या आहेत.

कादंबरीतील सर्वांत दारुण प्रसंग शांतपणे घडतो. जोनसचे वडील अर्भकांची निगा राखणारे, प्रेमळ गृहस्थ. जुळ्यांपैकी कमी वजनाच्या बाळाला ते ‘मुक्त’ करतात, म्हणजे सुई टोचून मारतात, आणि तेही लाडिक स्वरात त्याचा निरोप घेत. ते क्रूर नाहीत. मरण म्हणजे काय, हे त्यांना ठाऊकच नाही. सत्तेच्या जुलमापेक्षा निरागस अज्ञानाचा हा जुलूम अधिक भयंकर आहे. मुलांना दुःखाची झळ लागू नये, या प्रत्येक मातापित्याच्या इच्छेचेच ते टोकाला गेलेले रूप आहे. घरी आणलेल्या गेब्रिएल या तान्ह्या मुलावरही तीच पाळी येणार, हे कळताच जोनस वडिलांची सायकल घेऊन त्याच्यासह नगरीबाहेर पळतो. टोकियोतील सायकल येथे पुन्हा फाटकाबाहेर पडते.

मुलांना हे वाचू द्यावे काय, यावर अमेरिकेत वाद झाला. १९९० च्या दशकात ज्या पुस्तकांवर पालकांनी वारंवार हरकती घेतल्या, त्यांत ही कादंबरी होती. बालहत्येचे चित्रण मुलांना असह्य होईल, हा आक्षेप प्रामाणिक होता. तथापि तो नगरीच्या वडीलधाऱ्यांचाच युक्तिवाद होता, हा त्यातील विरोधाभास. मुलांनी मात्र लेखिकेला पत्रांतून निराळेच विचारले : शेवटी बर्फाच्या टेकडीवरून घसरत जाणारी ती दोन मुले वाचली की नाही? कादंबरीने उत्तर संदिग्ध ठेवले होते. ‘मेसेंजर’ (२००४) या सहकादंबरीत जोनस जिवंत असल्याचे स्पष्ट झाले. त्याने वाचकाला दिलासा मिळाला, पण त्या संदिग्धतेचे बळही काहीसे ओसरले.

सुझान कॉलिन्स यांच्या ‘द हंगर गेम्स’नंतर (२००८) किशोरांच्या दुःस्वप्नकथांना मोठा बहर आला, परंतु तेथे पुन्हा दृश्य जुलूम आणि रणांगण आले. लाउरी यांचा प्रतिस्पर्धी त्याहून जवळचा होता. प्रेमापोटी मुलापासून लपवलेले दुःख त्याचे किती रक्षण करते आणि त्याच्यातील माणूसपण किती हिरावून घेते, हा त्यांचा प्रश्न कोणतीही सत्ता उलथवून सुटत नाही. तो घराघरांत पुन्हा विचारावा लागतो.