कॅमेऱ्याचा पडदा: कारागिरी, बिघाड आणि दुरुस्ती

छायाचित्रणाचा इतिहास सांगताना बहुधा भिंगाचा इतिहास सांगितला जातो. फार तर फिल्मचा. भिंगाची कीर्ती मोठी, त्याच्या कडेवर कारखान्याचे नाव कोरलेले असते. पण त्याच्या मागे, अंधारात, काळ्या कापडाचा एक पडदा असतो. प्रकाश किती वेळ आत घ्यावयाचा हे तोच ठरवतो, आणि त्याच्यावर कुणाचेही नाव नसते. आज त्या पडद्याविषयी बोलावयाचे आहे. मी छायाचित्रकार नव्हे. कामगार संघटनेत आयुष्य घालवलेला माणूस आहे. ह्या विषयाकडे मी वळलो तो एका बिघडलेल्या चित्रामुळे. ते पुढे येईलच.

१८३९ साली दागेरची पद्धत पॅरिसमध्ये जाहीर झाली, तेव्हा एका चित्राला काही मिनिटे लागत. भिंगावरचे झाकण हाताने काढावे, वेळ मोजावी, झाकण परत लावावे. माणसाचा हात हेच शटर होते. चित्र लवकर उमटू लागले तसा हात अपुरा पडू लागला. १८७८ साली कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे मायब्रिजने ओळीने बारा कॅमेरे मांडून धावत्या घोड्याची चित्रे टिपली. घोडा रेल्वेसम्राट लेलंड स्टॅनफर्डचा. झडपा विजेने सोडण्याची योजना बसवण्यात त्याच्याच रेल्वेतील जॉन आयझॅक्स ह्या तंत्रज्ञाचा हात होता. धावत्या घोड्याचे चारही पाय एका क्षणी अधांतरी असतात, हे जगाने प्रथम पाहिले. घोडा जगप्रसिद्ध झाला. आयझॅक्सचे नाव आज किती जणांना ठाऊक आहे?

पडदा भिंगापाशी न ठेवता फिल्मच्या अगदी पुढे ठेवावा, ही कल्पना जर्मनीत ऑटोमार आन्शुट्झ याने १८८० नंतरच्या दशकात वापरात आणली. तिला लहान, टिकाऊ रूप दिले ते ऑस्कर बार्नाक ह्या कारागिराने. बार्नाक १९११ साली व्हेत्झलार येथील लाइट्स ह्या सूक्ष्मदर्शक बनवणाऱ्या कारखान्यात आला. त्याला दम्याचा विकार होता. काचांचे जड कॅमेरे डोंगरावर वाहून नेणे झेपत नसे. म्हणून त्याने सिनेमाच्या फिल्मवर चालणारे खिशात मावेल असे यंत्र जुळवले. १९१४ च्या सुमारास नमुना तयार होता, पण त्यात एक उणीव होती: पडदा पुन्हा ताणताना फट उघडी राही, आणि त्या वेळी भिंगावर झाकण घालावे लागे. १९२५ साली लाइपझिगच्या जत्रेत ‘लायका’ विक्रीस आली तेव्हा ही उणीव दूर झालेली होती. ताणताना दोन्ही पडदे एकमेकांवर चढून फट मिटवत.

ही रचना समजली की बिघाड समजतो. म्हणून थोडे थांबून पाहू. रबर चढवलेल्या काळ्या कापडाचे दोन पडदे असतात. कळ दाबली की पहिला धावतो, मागोमाग दुसरा. दोघांच्या मधल्या फटीतून प्रकाश फिल्मवर पडत जातो. वेग वाढवला म्हणजे पडदे जोरात धावतात, असा सर्वसाधारण समज आहे. तो चुकीचा आहे. पडदे एकाच गतीने धावतात, कमीजास्त होते ती फटीची रुंदी. समजा, ३६ मिलिमीटरची फिल्म ओलांडण्यास पडद्याला सेकंदाचा पन्नासावा भाग लागतो. मग सेकंदाच्या पाचशेव्या भागासाठी फट केवळ साडेतीन मिलिमीटरच्या आसपास राहील. आता पहिला पडदा वाटेत सेकंदाचा हजारावा भाग रेंगाळला, तर फट निम्मी होईल; तेवढाच आणखी रेंगाळला, तर मिटूनच जाईल. तेथून पुढची फिल्म कोरी राहील आणि कागदावर काळी उमटेल.

आता ह्या यंत्राचा दुसरा प्रवास. युक्रेनमधील खार्कीव्ह येथे १९२७ च्या अखेरीस एक कम्यून सुरू झाला. यादवी युद्धात आणि दुष्काळात पोरकी होऊन रस्त्यावर आलेली मुले तेथे ठेवण्यात आली. प्रमुख होते शिक्षणतज्ज्ञ अंतोन माकारेंको. मुलांनी दिवसाचे चार तास कारखान्यात काम करावयाचे आणि उरलेल्या वेळात शिकावयाचे, असा क्रम होता. त्या मुलांनी आधी विजेवर चालणारी गिरमिटे बनवली, आणि १९३४ पासून लायकाची हुबेहूब नक्कल. तिचे नाव ‘फेद’, फेलिक्स एद्मुंदोविच जेर्झिन्स्की ह्या नावाची आद्याक्षरे. हा जेर्झिन्स्की सोव्हिएत गुप्त पोलिसांचा संस्थापक, आणि कम्यूनही त्याच खात्याच्या छत्राखाली होता. आम्हा डाव्या विचारांच्या लोकांना हे वाक्य उच्चारणे जड जाते. पण इतिहास सांगावयाचा तर तो पुरता सांगावा. काल खिसे कापणारी पोरे हजारांश मिलिमीटरचे काम करू लागली, हेही तितकेच खरे आहे. १९४१ साली जर्मन फौजा चालून आल्या तेव्हा कारखाना सायबेरियातील बेर्द्स्क येथे हलवण्यात आला. तोवर दीड लाखांहून अधिक कॅमेरे तयार झाले होते.

त्याच युद्धात व्हेत्झलारच्या मूळ कारखान्यात युक्रेनमधून धरून आणलेल्या स्त्रियांना वेठीस धरून राबवण्यात आले. मालकाची मुलगी एल्झी क्यून-लाइट्स हिने त्यांचे हाल कमी करण्याची खटपट केली, एका ज्यू स्त्रीला पळून जाण्यास साहाय्य केले. १९४३ साली गेस्टापोने तिला तुरुंगात टाकले. म्हणजे ज्या मातीतील पोरांनी नक्कल घडवली, त्याच मातीतील स्त्रिया अस्सल मालाच्या कारखान्यात वेठबिगार झाल्या. कॅमेऱ्याच्या जाहिरातीत हे कुठे आढळत नाही.

आमच्या युनियनच्या कचेरीतील कपाटात असाच एक फेद होता, युद्धानंतरच्या मालिकेतला. १९९६ साली एका कारखान्यात टाळेबंदी झाली. मालकाचे म्हणणे असे की, कामगारच कामावर आले नाहीत. आम्ही सकाळच्या पाळीला सर्वांना फाटकाशी उभे केले आणि चित्र घेतले. ऊन कडक होते, म्हणून वेग पाचशेवर ठेवला. फिल्म धुऊन आली तेव्हा डावीकडचे चाळीसेक चेहरे स्वच्छ होते आणि उजवीकडे काळी भिंत. कामगार न्यायालयात मालकाच्या वकिलांनी शांतपणे विचारले, “चित्रात दिसतात तेवढेच हजर होते ना?” उजवीकडच्या बावीस जणांची हजेरी तोंडी साक्षीपुराव्याने शाबीत करता करता तीन वर्षे गेली. तडजोड झाली तेव्हा त्यांतले दोघे कायमचे गावी निघून गेले होते.

मी तो कॅमेरा एका वृद्ध कारागिराकडे नेला. पडद्याच्या स्प्रिंगा ढिल्या झाल्या असतील, त्या आवळून द्या, असे मी सांगितले. ते म्हणाले, “अहो, आधी घाण काढावी, मग ताण बघावा.” त्यांनी भिंग काढले, मागचे झाकण काढले आणि पांढऱ्या भिंतीकडे रोखून कळ दाबली. फट एका कडेला पोहोचण्याआधीच मिटत होती. पहिल्या पडद्याच्या रुळाच्या टोकांशी जुने वंगण वाळून डिंकासारखे झाले होते. बेंझिनने ते धुतले, रुळाच्या टोकांना सुईच्या अग्राने घड्याळाच्या तेलाचा थेंब दिला. कापडाला तेलाचा स्पर्शही होऊ दिला नाही. एवढ्याने बराच फरक पडला. उरलेल्यासाठी तळाचे झाकण काढून पहिल्या पडद्याच्या स्प्रिंगेला फक्त पाव फेरा दिला, तोही मळसूत्र घट्ट धरून. कारण अडकण सैल करताना हात सुटला तर स्प्रिंग सगळीच उलगडते.

त्यांच्याकडून शिकलेले आणखी थोडे सांगतो. चित्रात एकाच जागी पांढरे ठिपके येत असतील, तर पडद्याला सुईएवढी भोके पडलेली असतात. अंधारात दिवा धरून ती शोधावी, आणि लवचिक काळ्या रंगाचा पातळ हात द्यावा; नखांचे पॉलिश कडक होऊन तडकते. भिंग उघडे टाकून कॅमेरा उन्हात ठेवू नये. सूर्य पडदा जाळतो. ह्या जातीच्या यंत्रात पडदा ताणल्यावरच वेगाची चकती फिरवावी, आधी फिरवल्यास आतली खीळ मोडू शकते. ताणलेला पडदा तसाच महिनोन् महिने ठेवू नये. कापडच कडक होऊन चिरले असेल, तर मात्र उपाय एकच: नवे पडदे.

त्या दिवशी मला एक गोष्ट उमगली. रेंगाळणाऱ्या पडद्याची स्प्रिंग आवळली तर तो चार दिवस धावतो, परंतु घाण तशीच राहते, आणि पुढे आणखी आवळावी लागते. शेवटी स्प्रिंग तरी तुटते, नाही तर कापड फाटते. उत्पादन घटले की पहिल्या प्रथम माणसाला आवळावयाचे, यंत्र आणि व्यवस्था तपासावयाची नाही, हा प्रकार मी अनेक कारखान्यांत पाहिला होता. युनियनच्या टेबलाशी बसून मी स्वतःच कॅमेऱ्याला तोच न्याय लावावयास निघालो होतो.

तो फेद आजही चालतो. दर दोन महिन्यांनी त्याचे सर्व वेग रिकामे फिरवून पाहतो. ते अर्धे काळे चित्र मात्र आम्ही टाकून दिलेले नाही. कचेरीच्या भिंतीवर ते लावले आहे, आणि उजवीकडच्या काळ्या भागाखाली त्या दिवशी उभ्या असलेल्या बावीस जणांची नावे, ज्या क्रमाने ते उभे होते त्या क्रमाने, लिहून ठेवली आहेत.