ठाणे जिल्ह्याचा ग्रामीण मुलूख

ठाणे जिल्हा म्हटला म्हणजे नौपाड्यात राहणाऱ्या आपल्या ज्ञातिबांधवांस रेल्वे, कारखाने आणि उंच इमारती आठवतात. परंतु ज्या वस्तीच्या नावातच 'पाडा' आहे, तिला पाठीमागच्या ग्रामीण मुलखाचा विसर पडावा, हे आम्हांस उचित वाटत नाही.

हा मुलूख प्राचीन होय. सोपाऱ्याच्या बंदरातून समुद्रापलीकडे व्यापार चाले. तेथील बौद्ध स्तूप पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली उकरून काढला. शिलाहारांच्या काळचे अंबरनाथचे शिवमंदिर शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० मधील आहे. पोर्तुगीजांनी बांधावयास घेतलेला ठाण्याचा किल्ला मराठ्यांनी १७३७ साली घेतला आणि १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई जिंकली. पुढे १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून आगगाडी ठाण्यास आली आणि शहराचे भाग्य पालटले. डोंगरातील पाड्यांचे मात्र फारसे पालटले नाही.

१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. डहाणू-घोलवडचा चिकू, वाड्याचा कोलम तांदूळ आणि जव्हारचे जुने संस्थान तिकडे गेले. आपल्या जिल्ह्यात शहापूर व मुरबाड हे प्रामुख्याने ग्रामीण तालुके उरले. तेथे माहुलीचा किल्ला व माळशेजचा घाट आहे, सागाचे रान आहे. कातकरी, ठाकूर, महादेव कोळी व वारली बांधव राब भाजून भात, नागली, वरई पिकवितात. शेती पावसावरची; म्हणून सुगी सरताच अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांची वाट धरतात.

याच भूमीत तानसा तलाव १८९२ साली बांधून झाला. पुढे वैतरणा व भातसा यांवरही धरणे झाली. मुंबईची तहान या पाण्याने भागते, ठाणे शहरासही भातसेचे पाणी मिळते. परंतु पाडे उंचावर, धरणे खोऱ्यात. काळा कातळ पाणी धरीत नाही, पावसाळा सरताच ओढे आटतात. त्यामुळे धरणांच्या शेजारच्या शहापूर तालुक्यातच उन्हाळ्यात कित्येक पाड्यांस टँकरची वाट पाहावी लागते.

हे ऋण आपले आहे. मंडळाच्या सहलींतून मुलांस अंबरनाथ दाखवावे, तसेच वैशाखात एखादा पाडाही दाखवावा. आणि तेथील एखाद्या विहिरीच्या दुरुस्तीस आपल्या वार्षिक निधीतून काही वाटा द्यावा, अशी समस्त ज्ञातिबांधवांस आमची नम्र विनंती आहे.