तणाची नावं

श्रावणात कुंपणाकडे आठ दिवस फिरकलं नाही, तर तिथे गुडघाभर हिरवं उभं राहतं. तण माजलं, असं म्हणून मी खुरपं घेऊन बसते. पण उपटण्याआधी प्रत्येकाचं नाव आठवल्याशिवाय हात पुढे जात नाही.

तण हा शब्द संस्कृत ‘तृण’पासून, प्राकृत ‘तण’मधून आला. तृण म्हणजे नुसतं गवत. नकोसेपणा त्यात मुळीच नव्हता. तो शेती करणाऱ्यांनी भरला. पूर्व विदर्भात भाताच्या पेंढ्याला आजही तणस म्हणतात, आणि गुरांसाठी त्याच्या गंज्या रचतात. ‘रान’ या शब्दाचा प्रवास तर याहून सुंदर. अरण्याचं प्राकृतात रण्ण झालं, त्याचं रान. पण देशावर “रानात गेलेत” म्हटलं की माणूस जंगलात नाही, शेतात असतो. तिथे रान नांगरतात, रान पेरतात. त्यामुळे रानफूल आणि रानभाजी हे शब्द मला बांधाच्या दोन्ही बाजूंचे वाटतात.

हरळी घ्या. संस्कृत कोशांत हिचं ‘हरिताली’ असं नाव सापडतं. नावातच हिरवेपणा आहे. पेरापेराला मुळं फुटणारी ही हरळी एकदा वावरात शिरली की शेतकऱ्याची झोप उडवते. तिचेच कोवळे, तीन पानांचे तुरे खुडले की त्या दूर्वा. मुळासकट उपटून बांधावर फेकतानाचं नाव वेगळं, देवापुढे ठेवतानाचं वेगळं. एकाच वनस्पतीला दोन नावं देऊन मराठीनं तिचे दोन्ही स्वभाव नीट सांभाळले आहेत.

खुरपं हाही जुना शब्द: ‘क्षुरप्र’. क्षुर म्हणजे वस्तरा. क्षुरप्र हे तण काढायच्या अवजाराचं नाव, तसंच धारदार फाळाच्या एका बाणाचंही. आणि ज्याचे काटे अनवाणी पायात रुततात तो गोखरू म्हणजे ‘गोक्षुर’. कोणी त्याचा अर्थ गाईचा खूर असा लावतात, कोणी गाईला वस्तऱ्यासारखा लागणारा असा. काटा पायात गेलेल्याला दुसरा अर्थ सहज पटेल. काढणारं आणि काढलं जाणारं असं दोघांच्या नावात एकच पातं लपलेलं आहे.

माक्याचं नाव ‘मार्कव’ या संस्कृत नावावरून आलं. तेलात उकळायचा माका तो हाच, ओलसर कडेला पांढऱ्या बटणासारखी फुलं धरणारा. आघाड्याला संस्कृतात आघाट म्हणतात, आणि अपामार्गही. अपामार्ग म्हणजे पुसून टाकणारा. अथर्ववेदात शाप आणि पाप पुसण्यासाठी त्याला हाक मारली आहे. त्याचं बी मात्र लुगड्याच्या काठाला असं चिकटतं की घरी येऊन एकेक वेचावं लागतं. माका, आघाडा, डोरली, धोत्रा: गणपतीच्या एकवीस पत्रींतली कितीतरी पानं अशी न पेरता उगवणारी. लहानपणी आम्ही ती बांधावरून खुडून आणायचो, तेव्हा त्यांना तण म्हणायचं कोणाच्या मनातही येत नसे.

बाहेरून आलेल्यांनाही इथल्या माणसांनी तितक्याच बारकाईनं पाहिलं. गाजरगवत अमेरिका खंडातलं. पुण्यात त्याची नोंद 1950 च्या दशकात झाली. पानं गाजराच्या पाल्यासारखी, म्हणून ते नाव. चांदण्यांसारख्या बारीक फुलांवरून चटकचांदणीही म्हणतात. अंगाला खाज आणि दमा देणाऱ्या झाडाला हे नाव कोणी दिलं असेल, त्यानं ते फुलल्यावर जवळून पाहिलं होतं एवढं नक्की.

एकदांडीही तिकडचीच. लांब, सरळ दांड्यावर एकच फूल, पिवळं मध्य आणि भोवती तुरळक फिकट पाकळ्या. हिचंच दुसरं नाव दगडी पाला. खुरपताना बोट कापलं की शेतातल्या बायका हिची चार पानं चुरगाळून रस जखमेवर पिळतात. मीही पिळते. म्हणून कुंपणाच्या कोपऱ्यातली एकदांडी मी उपटत नाही.