‘बायकायची टेस्ट’

जुने दस्तऐवज धुंडाळणं हा माझा वीस वर्षांचा नाद. चांदूरच्या नावापुढे ‘रेल्वे’ का लागतं (दुसरं चांदूर बाजाराचं, म्हणून हे रेल्वेचं) असल्या प्रश्नांत रमणारा मी माणूस. गेल्या पावसाळ्यात खालच्या ओठाच्या आत फुलकोबीसारखा बारीक पांढुरका कोंब दिसला. दंतवैद्य म्हणाले, “बहुधा पॅपिलोमा आहे. एचपीव्ही या विषाणूनं होतो. खर्रा खाता का?” मी मान खाली घातली.

गावातल्या लॅबमध्ये एचपीव्हीची तपासणी विचारली. काउंटरवरचा पोरगा सगळ्यांदेखत म्हणाला, “काका, थे त बायकायची टेस्ट असते नं!” अमरावतीतही तेच उत्तर मिळालं.

ही ‘बायकायची टेस्ट’ आली कुठून, ते शोधू लागलो आणि मराठवाड्यात पोचलो. 1983 साली जर्मनीत हाराल्ड त्सुर हाउसेन यांच्या गटाला गर्भाशयमुखाच्या कर्करोगात एचपीव्ही-16 सापडला. 2008 साली त्यांना नोबेल मिळालं. पण या विषाणूची तपासणी केल्यानं मरण टळतं का, याचा मोठा पुरावा आला तो उस्मानाबाद (आजचं धाराशिव) जिल्ह्यातल्या खेड्यांतून. टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी 1999 साली तिथं काम सुरू केलं. 30 ते 59 वयाच्या 1,31,746 निरोगी बायका, 52 गावगट. निकाल 2009 साली छापून आला : आयुष्यात एकदा एचपीव्ही तपासलेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्मे. तुलनेसाठी ठेवलेल्या तीस हजारांवर बायकांची मात्र तपासणीच झाली नव्हती. त्यावरून पुढे नैतिकतेचा वाद पेटला. तो वाद मला रास्त वाटतो. जगाला मिळालेल्या उत्तरात त्या न तपासलेल्या बायकांचाही हिस्सा आहे, आणि आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत त्यांची एक ओळ नाही.

तोंडासाठी असा पुरावा नाही. तोंडातल्या कोंबाचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं, हीच खरी तपासणी. विषाणूनं पोखरलेल्या पेशींना कॉस आणि डर्फी यांनी 1956 सालीच ‘पोकळ पेशी’ अशा अर्थाचं नाव दिलं होतं. त्यामागचा विषाणू पुढे वीस वर्षांनी ओळखला गेला. आणि आपल्याकडच्या तोंडाच्या कर्करोगाचं मुख्य कारण एचपीव्ही नव्हेच. टाटा मेमोरियलचे डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि सूर्याबाई यांनी 1945 साली चुना-तंबाखूची गोळी ओठाआड जिथं धरतात, नेमक्या तिथल्या कर्करोगाला ‘खैनी कॅन्सर’ म्हटलं होतं. आमच्या खर्ऱ्यात त्यावर सुपारीची भर.

अमरावतीत तुकडा काढला. पॅपिलोमाच निघाला, साधा. मी उठू लागलो तर डॉक्टर म्हणाले, “थांबा, भाऊ. आ करा.” डाव्या गालात, खर्रा धरायचो तिथं, पांढरा चट्टा होता. ओठाच्या कोंबापायी तीन महिने फिरलो, त्या चट्ट्याकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. त्याचाही तुकडा घेतला. कर्करोग नाही, पण पेशी बदलू लागल्यात. आता दर तीन महिन्यांनी चांदूरहून गाडीनं बडनेरा, तिथून अमरावती. खर्रा सुटला, पण घोटणाऱ्याचा आवाज आला की पाय अजून थबकतात.