चकमकी पिस्तूल
गारेच्या ठिणगीने बार उडणारे, नळीच्या तोंडातून ठासण्याचे हत्यार. सतराव्या ते एकोणिसाव्या शतकांत प्रचलित. घोडा अर्धा चढवून नळीत मोजकी काळी दारू ओततात, गोळी गजाने ठासतात व नळीच्या कानाजवळील वाटीत रंजक घालून झाकण लावतात. मग घोडा पूर्ण चढवून चाप ओढताच गार पोलादी झाकणावर घासते, ते उघडते आणि ठिणग्यांनी रंजक पेटून बार उडतो. रंजक ओले झाल्यास बार फुकट जातो. आधुनिक प्रतिकृतीतही धूरहीन दारू घातल्यास नळी फुटण्याचा धोका असतो.

धावत्या घोड्यावर पुन्हा ठासणे अवघड असल्याने एका बारानंतर स्वाराची भिस्त तलवारीवर असे. कवायती पायदळ मात्र रांगारांगांनी सतत मारा करी. पानिपतावर (१७६१) इब्राहिमखानाचे गारदी असे लढले. निफाड तालुक्यातील विंचूरच्या घराण्याचे संस्थापक विठ्ठल शिवदेव यांचे स्वार मात्र व्यूह सोडून पुढे गेले आणि रोहिल्यांच्या गोळीबारापुढे मागे हटले.